ताटात काय आणि पोटात किती

१९२६ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात क्लारा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञ बाईंनी एक जगावेगळा प्रयोग सुरू केला. अंगावरचं दूध नुकतंच सुटू लागलेली, वरच्या अन्नाची चवही न घेतलेली तान्ही मुलं त्यांनी रुग्णालयात ठेवून घेतली. पुढे हा प्रयोग शिकागोत गेला. एकूण पंधरा मुलं त्यात होती. कुणी सहा महिने राहिलं, कुणी साडेचार वर्षं.

जेवणाच्या वेळी प्रत्येक मुलापुढे वाट्यावाट्यांचा ट्रे यायचा. एकात उकडलेलं गाजर, दुसऱ्यात ओटची लापशी, तिसऱ्यात कलेजी, चौथ्यात केळं, शिवाय दूध, पाणी, आणि मीठसुद्धा वेगळ्या वाटीत. परिचारिका चमचा घेऊन शेजारी गप्प बसून राहायची. मुलानं एखाद्या वाटीकडे हात केला तरच तिनं चमचाभर उचलायचं आणि त्यानं तोंड उघडलं तरच भरवायचं. ‘हे खा’ म्हणायचं नाही, ‘शहाणं बाळ’ म्हणून कौतुक करायचं नाही, बोटं बुडवून खाल्लं तरी ओरडायचं नाही.

मुलांनी जे खाल्लं ते पाहून कोणत्याही आजीनं कपाळाला हात लावला असता. एखाद्याची न्याहारी म्हणजे जवळपास अर्धा लिटर संत्र्याचा रस आणि वर कलेजी. रात्रीचं जेवण म्हणजे अंडी, केळी आणि दूध. कुणा दोघांचं खाणं एकसारखं नव्हतं. तरीही महिन्यांचा हिशेब मांडल्यावर सगळी मुलं उत्तम वाढलेली दिसली. एका मुलाला आल्यापासूनच गंभीर मुडदूस होता. त्याच्या ट्रेमध्ये कॉड माशाच्या तेलाचा छोटा पेला ठेवला जाई. हाडं पूर्ववत होईपर्यंत ते तेल तो कमीजास्त प्रमाणात पीत राहिला आणि बरा झाल्यावर त्यानं पेल्याला हात लावणं सोडून दिलं.

‘मुलांना हवं ते खाऊ द्या, त्यांना बरोबर कळतं,’ असा या प्रयोगाचा अर्थ पुढे अनेकांनी काढला. खुद्द डेव्हिसबाईंचं म्हणणं वेगळं होतं. १९३९ मध्ये आपले निष्कर्ष मांडताना त्यांनी स्पष्टच सांगितलं, की यातली खरी मेख पदार्थांच्या यादीत आहे. त्या ३४ पदार्थांत साखर नव्हती, मैद्याचा पाव नव्हता, डबाबंद काहीही नव्हतं. मुलं काहीही निवडोत, ती वावगी निवड करूच शकणार नव्हती. कारखान्यात तयार झालेलं अन्न यादीत घालून तोच प्रयोग पुन्हा करायची त्यांची इच्छा होती. पण अमेरिकेतल्या महामंदीत पैसे आटले आणि तो प्रयोग झालाच नाही.

वाटणी कुणाची, कशाची

डेव्हिसबाईंच्या ट्रेमध्ये पालकांसाठी एक सरळ वाटणी दडलेली आहे. १९८०च्या दशकात एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी ती नेमक्या शब्दांत मांडली आणि आज जगभरातले बालरोगतज्ज्ञ ती सांगतात. काय वाढायचं, कधी वाढायचं आणि कुठे बसून खायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. वाढलेल्यातलं खायचं की नाही आणि किती, हे मुलानं.

आपल्याकडच्या बऱ्याच घरांत ही वाटणी नेमकी उलटी झालेली असते. रात्रीचे साडेआठ. ताटात पोळी, दुधीची भाजी, वरण-भात. चार वर्षांचं पोर दुधी बघून तोंड फिरवतं. पाच मिनिटं मनधरणी होते, मग आवाज चढतो, आणि शेवटी आई उठून दोन मिनिटांचे नूडल्स करायला घेते. म्हणजे काय खायचं हे पोरानं ठरवलं. नूडल्स अर्धे संपल्यावर त्याचं पोट भरतं, पण आता बाबा समोर मोबाइल धरतात आणि कार्टूनच्या नादात उरलेले घास तोंडात जातात. म्हणजे किती खायचं हे मोठ्यांनी ठरवलं. जी गोष्ट मुलाला कळत नाही ती त्याच्या हाती, आणि जी त्याच्या पोटालाच कळते ती आपल्या हाती.

चवीची शाळा जन्माआधी भरते

गोडाची ओढ मुलाला शिकवावी लागत नाही. जेरुसलेममधल्या जेकब स्टायनर या संशोधकानं १९७०च्या दशकात नवजात अर्भकांच्या जिभेवर गोड, आंबट आणि कडू द्रावणाचे थेंब ठेवून त्यांचे चेहरे टिपले. गोडावर चेहरा सैलावला, ओठ चोखल्यासारखे हलले; कडूवर तोंड वाकडं झालं. यामागे निसर्गाचा हिशेब आहे. आईचं दूध गोड असतं, आणि रानावनातल्या बऱ्याच विषारी वनस्पती कडू. तेव्हा मेथी किंवा कारलं बघून नाक मुरडणारं पोर हट्टी असतं असं नाही. लाखो वर्षांपूर्वीची सावधगिरी त्याच्या जिभेवर अजून पहारा देत असते.

हा पहारा सैल करता येतो, आणि त्याची सुरुवात गरोदरपणातच होते. फिलाडेल्फियातल्या मोनेल संस्थेत ज्युली मेनेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेला गाजराच्या रसाचा अभ्यास यासाठी ओळखला जातो. काही गरोदर बायकांनी शेवटच्या तिमाहीत आठवड्यातून चार दिवस, सलग तीन आठवडे गाजराचा रस प्यायला. काही जणींनी बाळंतपणानंतर, अंगावर पाजत असताना प्यायला. उरलेल्यांनी फक्त पाणी. मुलांना वरचं अन्न सुरू झाल्यावर त्यांना गाजराच्या चवीची पेज दिली गेली. गर्भजलातून किंवा दुधातून ती चव आधी भेटलेल्या मुलांनी तोंडं कमी वाकडी केली.

आपल्याकडे सहाव्या महिन्याच्या सुमाराला उष्टावण होतं. सहा महिने निव्वळ आईचं दूध आणि त्यानंतर वरचं अन्न, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही त्याच सुमाराचा. पण चांदीच्या वाटीतली खीर चाटवून झाल्यावर पुढचे सहा महिने बाळाच्या वाटीत काय येतं, ते जास्त महत्त्वाचं. मऊ भात-वरणावर तुपाची धार, नाचणीचं सत्त्व, कुस्करलेला लाल भोपळा, उकडलेला बटाटा, डाळीत शिजवून घोटलेला पालक, मांसाहारी घरात अंड्याचा बलक किंवा काटे काढलेला मासा, असं दर काही दिवसांनी एक नवं काही यायला हवं. वर्षाच्या आत मीठ-साखर घालायची गरज नसते, आणि मध तर चाटवायचाच नाही. त्यातून होणारी बोटुलिझमची विषबाधा तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतू शकते. पहिल्या वाढदिवसापर्यंत जितक्या चवी ओळखीच्या होतील तितकं पुढचं काम सोपं, कारण दुसऱ्या वर्षापासून नव्या पदार्थाची भीती डोकं वर काढते आणि पाच-सहा वर्षांपर्यंत टिकते.

‘हल्ली काही खातच नाही’

दीड-दोन वर्षांच्या मुलांच्या आया डॉक्टरांकडे हमखास ही तक्रार घेऊन येतात. तिचं उत्तर साध्या आकड्यांत आहे. तीन किलोचं बाळ वर्षभरात नऊ किलोचं होतं, म्हणजे बारा महिन्यांत सहा किलो. त्यानंतर पाचव्या वर्षापर्यंत दरसाल साधारण दोन-अडीच किलोच वाढतं. वाढीचा वेग मंदावला की भूकही उतरते. आजी-आजोबांना मात्र ‘आधी कसं वाटीभर संपवायचं’ एवढंच आठवत असतं आणि घरभर काळजीचं वातावरण पसरतं.

या काळजीपोटी दोन गोष्टी होतात. पहिली, दुधाचा मारा. जेवलं नाही ना, मग निदान बाटलीभर दूध तरी पिऊ दे. दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त गाईचं-म्हशीचं दूध पिणाऱ्या मुलाचं पोट दुधानंच भरतं. भाकरी-भाजी-डाळीला जागाच उरत नाही. दुधात लोह जवळजवळ नसतं, त्यामुळे गुटगुटीत दिसणारं मूलही रक्तक्षयानं फिकट पडू शकतं. दुसरी गोष्ट म्हणजे जबरदस्ती.

लेअन बर्च या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी मुलांच्या खाण्यावर जवळपास चार दशकं काम केलं. त्यांच्या गटानं २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात बालवाडीच्या मुलांना सूप दिलं होतं. एका सुपाच्या वेळी मोठी माणसं ‘संपव बरं’ म्हणत राहायची, दुसऱ्याच्या वेळी काहीच बोलायची नाहीत. काही आठवड्यांनी पाहिलं तर विनादडपण मिळालेलं सूप मुलं जास्त प्यायली होती आणि त्याच्याबद्दल कुरकुरही कमी होती.

बक्षिसाचंही तेच. ‘भाजी खाल्लीस तर चॉकलेट’ हा सौदा घराघरांत चालतो. बर्च यांनी १९८४ मध्येच दाखवून दिलं, की बक्षीस कमावण्यासाठी प्यावं लागलेलं पेय मुलांना पुढे आधीपेक्षा कमी आवडू लागतं. मुलाचं गणित चोख असतं: जे खाण्यासाठी लाच द्यावी लागते ते वाईटच असणार, आणि जे लाच म्हणून मिळतं ते सगळ्यात भारी.

मग बंदी घालावी? तिथेही एक खाच आहे. १९९९ मध्ये बर्च आणि जेनिफर फिशर यांनी मुलांच्या टेबलावर मधोमध काचेच्या बरणीत फळांच्या स्वादाच्या वड्या ठेवल्या आणि थोडा वेळ सोडून त्यांना हात लावायला मनाई केली. मुलांचं सगळं लक्ष त्या बरणीवर खिळलं, त्याच वड्यांची चर्चा सुरू झाली. म्हणून चिप्सचा पुडा आणून फडताळाच्या वरच्या कप्प्यात ठेवायचा आणि दिवसभर ‘नाही’ म्हणत राहायचं, हा सगळ्यात वाईट मार्ग. घरात आणलाच नाही तर भांडणाचं कारणच उरत नाही.

शेपू अकराव्यांदा

उरतो तो उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. बर्च आणि डायान मार्लिन यांनी १९८२ मध्ये दोन वर्षांच्या मुलांना अनोळखी चीज आणि फळं वारंवार चाखायला दिली. जी चव मुलांनी जितक्या जास्त वेळा घेतली तितकी ती त्यांना आवडू लागली. नंतरच्या अभ्यासांतून दहा-पंधरा वेळा हा ठोकताळा पुढे आला. एवढंही दिसलं, की पदार्थ नुसता बघून भागत नाही, जिभेला लागावा लागतो. बहुतेक पालक तीन-चार प्रयत्नांत ‘आमच्याकडे शेपू चालत नाही’ असा शेरा मारून मोकळे होतात.

घरी हे असं करता येतं. शेपू-मूगडाळीची भाजी केली की मुलाच्या ताटात ती चमचाभरच वाढायची, शेजारी त्याच्या आवडीचं काहीतरी, दही किंवा भात. खाल्ली तर वाहवा नाही, टाकली तर बोलणी नाहीत. चाखून थुंकली तरी चालेल, जिभेला ती लागली. आठवड्यानं पुन्हा चमचाभर. अंबाडी, लाल माठ, कारलं, सगळ्यांना हाच नियम. दोन जेवणांच्या मध्ये अडीच-तीन तास पाण्याखेरीज काही द्यायचं नाही, म्हणजे ताटावर बसताना भूक असते. आणि ‘नको’ म्हटल्यावर दुसरा स्वयंपाक करायचा नाही. ताट उचलायचं, पुढचं खाणं त्याच्या वेळेवर.

मोठ्यांच्या ताटात काय आहे हेही मुलं बघत असतात. २००५ मध्ये एल्सा अडेसी आणि सहकाऱ्यांनी यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोन ते पाच वर्षांच्या मुलांपुढे रंगीत रवा ठेवला होता. शेजारचा मोठा माणूस नुसता बसून राहिला किंवा वेगळ्या रंगाचा रवा खात बसला, तर मुलांवर फारसा परिणाम झाला नाही. तो त्याच रंगाचा रवा खाऊ लागला, तेव्हा मात्र मुलांनीही जास्त खाल्ला. स्वतः कारल्याला शिवत नसलेल्या बाबांनी मुलाला कारल्याचे गुण सांगण्यात अर्थ नसतो, तो यामुळे.

चहा-बिस्किटाची सकाळ

महाराष्ट्रातल्या खेड्यांत आणि शहरांतही असंख्य मुलांचा दिवस चहात बुडवलेल्या बिस्किटानं किंवा खारीनं सुरू होतो. स्वस्त, झटपट आणि मूल कटकट न करता खातं. पण यात मैदा, साखर आणि तेल यांच्यापलीकडे जवळपास काही नसतं, आणि चहातली टॅनिनं इतर अन्नातलं लोह शरीरात शोषलं जाऊ देत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला; देशाची सरासरी ६७.१ टक्के. या आकड्यामागे जंतांपासून आईच्या रक्तक्षयापर्यंत अनेक कारणं आहेत, पण सकाळचा कप त्यात नक्की भर घालतो.

बदल करायला मोठा खर्च येत नाही. चहाच्या जागी रात्रीची भाकरी दुधात कुस्करून, किंवा कांदेपोह्यांवर लिंबू पिळून. लिंबातलं क जीवनसत्त्व पोह्यांतलं लोह शरीरात शोषलं जायला मदत करतं. तेच काम आवळा किंवा पेरूची फोड करते. डब्यात शेंगदाण्याची चटणी-भाकरी, मुगाचं धिरडं, थालीपीठ. चारच्या भुकेला फुटाणे, चिक्की, केळं. लहान मुलांना मात्र अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नयेत, घशात अडकतात. कूट करून द्यावेत. संक्रांतीनंतरच्या बोरन्हाणात बोरं, उसाचे करवे आणि हरभऱ्याचे घाटे वेचायला पोरांची झुंबड उडते. अलीकडे त्याच सड्यात चॉकलेटं आणि गोळ्या मिसळू लागल्या आहेत. मुलं आधी काय उचलतात, ते सांगायला नको.

पुड्याच्या मागची बाजू

बाजाराशी झुंजायला पालकांना एक हत्यार मिळालेलं आहे: पुड्याची मागची बाजू. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. पहिल्या तीन नावांत साखर असेल, तर पुढच्या बाजूला बदाम, दूध आणि धावणारं मूल यांचं कितीही सुंदर चित्र असो, तो पदार्थ मिठाईच आहे. ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन ही त्याच कुळातली मंडळी. दुधात घालायच्या ज्या चॉकलेटी पावडरी ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणून विकल्या जात, त्यांना त्या वर्गातून काढा, असं केंद्रीय वाणिज्य मंत्रालयानं एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना कळवलं. अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ नावाचा प्रकारच नाही, हे त्यामागचं कारण.

साखरेचा हिशेब मुलालाही मांडून दाखवता येतो. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १,३६० किलोकॅलरी लागतात. वरून घातलेल्या साखरेचा वाटा दहा टक्क्यांच्या आत असावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे फार तर ३४ ग्रॅम. नेहमीच्या कोलाच्या ३०० मिलिलिटरमध्ये सुमारे ३२ ग्रॅम, म्हणजे आठ चमचे साखर असते. हे आठ चमचे एका वाटीत काढून समोर ठेवले की वेगळं व्याख्यान लागत नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानंही मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितले.

शाळेच्या आवारात चरबी, साखर आणि मीठ जास्त असलेले पदार्थ विकायला महाराष्ट्र सरकारनं २०१७ मध्येच मनाई केली. २०२० मध्ये केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ती फाटकापासून ५० मीटरपर्यंत वाढवली. नियम कागदावर आहे. फाटकाबाहेरची टपरी अनेक ठिकाणी जागेवर आहे. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत हा विषय काढणं हाही पालकत्वाचाच भाग.

जबाबदारी म्हणजे फक्त आई नव्हे

मूल नीट जेवत नसेल तर बोल आईला लागतो. संध्याकाळी घरी येताना खिशातून क्रीम बिस्किटांचा पुडा काढणारे बाबा, हळूच गोळी देणारे आजोबा आणि ‘खाऊ दे गं, मूल आहे’ म्हणणारी आत्या मात्र नामानिराळी राहतात. घरातल्या सगळ्यांनी मिळून नियम ठरवले नाहीत, तर मूल आठवड्याभरात सगळ्यात मऊ माणूस कोण ते शोधून काढतं. खाऊ आणायचाच असेल तर हंगामातली बोरं, जांभळं, पेरू, करवंदं, कणसं आणता येतात. मंडईत त्याला सोबत नेऊन ‘भेंडी कोवळी बघून निवड’ म्हटलं, किंवा मटार सोलायला बसवलं, तर ती भाजी ताटात येते तेव्हा ती त्याची असते.

याच राज्यात असंही चित्र आहे, की २०१९-२१ मध्ये पाच वर्षांखालची २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानानं कमी वजनाची होती आणि ४.१ टक्के मुलं जास्त वजनाची. पहाटे ऊसतोडीला निघणाऱ्या आईला ‘मुलाला विविध चवी द्या’ असं ऐकवणं क्रूरपणाचं आहे. तिथे अंगणवाडीतला आहार आणि शाळेतलं दुपारचं जेवण नीट मिळतं की नाही, हे पाहणं हीच गावाची आणि सरकारची जबाबदारी. वाण्याकडून पुडा आणायचा की पेरू, अशी निवड ज्यांच्या हातात आहे, त्यांना मात्र ही सबब नाही.

आणि मूल पुरेसं खातं की नाही, हे घास मोजून कळत नाही. माता व बाल संरक्षण कार्डावर वाढीचा आलेख छापलेला असतो, आणि अंगणवाडीत सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं वजन-उंची मोफत मोजली जाते. दर काही महिन्यांनी त्या आलेखावर नवा ठिपका पडू द्यावा. रेषा वर चढत असेल, मूल खेळतं-हसतं असेल, तर ताटात अर्धी पोळी उरली म्हणून जीव टांगणीला लावू नये. रेषा सपाट झाली, खाली आली किंवा एकदम वर उसळली, तर शेजारणीनं सांगितलेलं टॉनिक आणण्याआधी ते कार्ड घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जावं.